नऊची शाळा चौथीपर्यंतच का?

८ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने एक शासन निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असं त्यात म्हटलं होतं. अंमलबजावणी २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून करायची होती. त्याच्या दोन महिने आधी तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळांचा विचार करा, असं जाहीरपणे सुचवलं होतं. लगेच स्कूलबसवाले नाराज झाले, संस्थाचालकांनी एकाच इमारतीत सकाळ-दुपार भरणाऱ्या दोन अधिवेशनांची अडचण पुढे केली आणि नोकरी करणाऱ्या आईवडिलांना मुलांना सोडायचं कोणी, हा प्रश्न पडला. या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. सकाळच्या शाळेने सर्वांत जास्त झोप कापली जाते ती आठवी ते बारावीच्या मुलांची, आणि या निर्णयात त्यांचा उल्लेखच नव्हता.

उल्लेख नसता तरी एकवेळ चाललं असतं. काही ठिकाणी त्यांचं नुकसान वाढण्याची सोय मात्र झाली. इमारत एक आणि अधिवेशनं दोन, अशा शाळेत चिमुकल्यांना नऊनंतर आणायचं म्हणजे बहुतेक वेळा त्यांना दुसऱ्या अधिवेशनात टाकायचं. मग सकाळी सातला रिकाम्या झालेल्या वर्गांत बसायला उरतं कोण? पाचवी ते दहावी. वेळ बदलणं शक्यच नसलेल्या शाळांसाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट निर्णयात ठेवली होती, पण मोठी मुलं पहाटे ओढली गेली तर काय, हे विचारण्याची सोय कुठेच नव्हती.

झोप किती लागते, याचे आकडे आता वादाचे राहिलेले नाहीत. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये वयोगटानुसार शिफारस केली. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास, सहा ते बाराच्या मुलांना ९ ते १२ तास, तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १० तास. आकडे वयाबरोबर उतरत जातात, म्हणून वाटतं की मोठ्याला थोडी कमी झोप मिळाली तरी भागेल. घोळ इथेच होतो. झोप किती लागते हा एक प्रश्न, ती केव्हा येते हा दुसरा, आणि सातवी-आठवीच्या वयात या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पार बदलतं.

झोप दोन गोष्टींवर ठरते. जागेपणी मेंदूत झोपेचा दाब साठत जातो. ॲडिनोसिनसारखी द्रव्यं त्यात भाग घेतात आणि चहा-कॉफीतलं कॅफिन नेमकं त्यांचंच काम अडवतं. दुसरं म्हणजे शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ. ते प्रकाशावर लागतं आणि रात्री मेलाटोनिन वाढवून शरीराला रात्र झाल्याचं कळवतं. वयात येताना दोन्हींत फरक पडतो. मेलाटोनिन वाढण्याची वेळ एक ते दोन तास पुढे सरकते. शिवाय संध्याकाळचा दाब लहान मुलाइतका झपाट्याने साठत नाही. त्यामुळे आठ वर्षांचं पोर नऊ वाजता जेवताजेवता पेंगतं आणि त्याचाच पंधरा वर्षांचा भाऊ त्या वेळी दिवसातल्या सर्वांत तरतरीत अवस्थेत असतो. झोपेच्या नेहमीच्या वेळेआधीचे दोन-तीन तास घड्याळ शरीराला मुद्दाम जागं ठेवतं. त्या तासांत दिवा मालवून पलंगावर पडलं तर झोप येत नाही, कूस बदलणं तेवढं होतं.

हे उशिराकडे सरकणं सवयीचं नाही, वयाचं आहे. झोपेच्या अमेरिकी अभ्यासक मेरी कार्सकाडन यांनी १९९० च्या दशकात ते दाखवून दिलं. पुढे जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग यांच्या पाहणीत दिसलं की हा कल वाढत वाढत मुलींत साधारण साडेएकोणिसाव्या आणि मुलग्यांत एकविसाव्या वर्षाच्या आसपास टोकाला पोचतो आणि तिथून पुन्हा मागे फिरतो. मोबाइल नसलेल्या काळातही हे होतं, आणि वयात येणाऱ्या इतर काही सस्तन प्राण्यांतही असा बदल नोंदला गेला आहे. मोबाइलला दोष देऊ नये असं नाही. उशिरा येणारी झोप तो आणखी उशिरा नेतो. पण तो काढून घेतला की नववीतला मुलगा नऊ वाजता घोरायला लागेल, ही समजूत खोटी आहे.

नववीतल्या अशा एखाद्या मुलाचा दिवस कागदावर मांडून बघा. शाळा सातची, फाटक सहा-पन्नासला बंद. व्हॅन सहा-दहाला नाक्यावर. म्हणजे उठायचं पाच-वीसला. शाळा सुटल्यावर जेवण, थोडी डुलकी, गृहपाठ, मग सहा ते नऊ क्लास. घरी येऊन जेवायला साडेनऊ. त्यानंतर वही पूर्ण करायची, आणि साडेदहाला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश येतो की उद्या चार्टपेपर आणि रंगीत पेन आणावेत. सव्वाअकराला पाठ टेकली तर साडेअकराला डोळा लागतो. झोप झाली पाच तास पन्नास मिनिटं. किमान आठ तास धरले तर रोजची तूट दोन तास दहा मिनिटांची, आणि शनिवारीही सकाळची शाळा असेल तर आठवड्याची तेरा तासांची. रविवारी तो मध्यरात्रीपासून दहापर्यंत झोपतो. आठवर दोन तास जादा. उरलेले अकरा तास भरून निघत नाहीत.

उलट, रविवारची ही झोप नवी अडचण उभी करते. आठवड्यात त्याच्या झोपेचा मध्य रात्री दोन-पंचवीसला पडतो, रविवारी पहाटे पाचला. फरक अडीच तासांहून थोडा जास्त. भारत आणि सिंगापूर यांच्या घड्याळांत बरोबर अडीच तासांचं अंतर आहे. म्हणजे हा मुलगा दर सोमवारी भारतातली वेळ शरीरात घेऊन सिंगापूरच्या वेळेला उठतो, आणि शनिवारी रात्री परत येतो. रोनेबर्ग यांनीच या प्रकाराला सोशल जेटलॅग असं नाव दिलं. सोमवारचा पहिला तास ज्यांनी घेतला आहे, त्या शिक्षकांना ते नाव ठाऊक नसेल, प्रकार चांगला ठाऊक असतो.

मुंबई-ठाणे-कोकणच्या मुलांचं दुखणं यापुढचं आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे बोललंच जात नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, आणि मुंबई आहे जेमतेम त्र्याहत्तर अंशांवर. सूर्याच्या हिशोबाने मुंबई घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटं मागे. १९०६ साली प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली वेगळी मुंबई वेळ १९५५ पर्यंत टिकवून धरली होती, ती उगाच नाही. सातची घंटा वाजते तेव्हा मुंबईच्या सूर्यानुसार सहा-एकवीस झालेले असतात. जानेवारीच्या मध्याला मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, कोलकात्यात सहा-वीसच्या आसपास. तिथला मुलगा सात वाजता उन्हातून शाळेत शिरतो. इथला मुलगा अंधारात उठतो, अंधारात व्हॅनची वाट बघतो, आणि परिपाठ संपत आला तरी बाहेर सूर्य उगवलेला नसतो. नागपूर पूर्वेकडे असल्यामुळे तिथे हे अंतर पंधरा मिनिटांपेक्षा कमी आहे. संध्याकाळी याच्या उलट होतं. पश्चिमेला सूर्य उशिरा मावळतो, दिवस लांबतो आणि झोप पुढे जाते, पण शाळेची घंटा सूर्याकडे बघून वाजत नाही. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या आकडेवारीवर नेमकं हेच तपासलं. सूर्यास्त तासभर उशिरा असेल तर मुलांची झोप साधारण अर्ध्या तासाने कमी भरते, आणि त्याची किंमत शिक्षणात मोजावी लागते, असं त्यांना आढळलं. तेव्हा अख्ख्या देशाला एकच शाळेची वेळ सुचवणाऱ्यांनी आधी नकाशा उघडावा.

अंधाराचा मुद्दा हळवेपणाचा नाही. शरीराचं घड्याळ लवकर सरकवण्याचं सर्वांत स्वस्त औषध म्हणजे सकाळचं ऊन, आणि तेच इथे उठण्याच्या वेळेला हजर नसतं. त्याहून वाईट म्हणजे प्रकाश कधी मिळतो यावर तो घड्याळाला कुठल्या दिशेने ढकलेल हे ठरतं. नेहमीच्या जाग येण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्यानंतरचा प्रकाश घड्याळ अलीकडे आणतो, त्याआधीचा प्रकाश पलीकडे नेतो. सुट्टीत नऊपर्यंत बिनघोर झोपणाऱ्या मुलाला पहाटे पाचला उठवून लख्ख ट्यूबलाइटखाली बसवलं तर त्याची झोप आणखी उशिरा सरकण्याचीच शक्यता जास्त. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस घराघरांत जी ओढाताण चालते, तिचं एक कारण हे आहे.

पहाटेची झोप कापली जाण्याचा तोटा वेगळा असतो. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त, शेवटच्या फेऱ्यांत स्वप्नांची, म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप जास्त. आठ तासांतले शेवटचे दोन कापले तर एकूण झोपेचा पाव भाग गेला असं दिसतं, पण स्वप्नांच्या झोपेतला वाटा त्यापेक्षा बराच मोठा जातो. भावना निवळायला आणि शिकलेल्याची सांगड आधीच्या ज्ञानाशी घालायला या झोपेची मदत होते. बरं, घरी दिसणारी लक्षणं आळसाची वाटत नाहीत, उद्धटपणाची वाटतात. अशी मुलं चिडतात, उलट उत्तरं देतात, सोप्या गणितात चिन्हं चुकवतात, वाचलेलं पान पुन्हा वाचतात. मग त्यांना म्हणतात, ‘लक्ष नसतं तुझं.’ लक्ष खरंच नसतं, पण ते का नसतं हे विचारायला हवं.

‘लवकर निजे, लवकर उठे’ हे आपण सगळे ऐकत आलो. गंमत अशी की घरं आणि शाळा मिळून यातल्या दुसऱ्या अर्ध्याची अंमलबजावणी कडक करतात, पहिला अर्धा कोणाच्याच वेळापत्रकात बसत नाही. पहाटे उठून अभ्यास करणारी पिढी नऊला झोपत होती. कंदील विझला की रात्र झाली, असे ते दिवस होते. पहाटेचा अभ्यास वाईट नाही, रात्रीची झोप मोडून केलेला पहाटेचा अभ्यास वाईट. आणि परीक्षेसाठी सकाळची सवय हवी, हा युक्तिवाद तर घड्याळापुढे टिकत नाही. दहावी-बारावीच्या बोर्डाचा सकाळच्या सत्रातला पेपर अकराला सुरू होतो. जेईई मेनची पहिली पाळी नऊची. नीट दुपारी दोनला. मुलांचं आयुष्य ज्यांवर ठरतं असं आपण मानतो, त्यांतली एकही परीक्षा सकाळी सातला नाही.

शाळा उशिरा भरली तर मुलं आणखी उशिरा झोपतील, ही शंका मात्र रास्त आहे, आणि ती मोजून तपासली गेली आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०१६ मध्ये सरकारी हायस्कूलांची वेळ सकाळी ७.५० वरून ८.४५ वर नेली. दोन हायस्कूलांतल्या मुलांच्या मनगटावर हालचाल मोजणारी यंत्रं बांधून बदलाच्या आधी आणि नंतर झोप नोंदवली गेली. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेच्या दिवसातली झोप सहा तास पन्नास मिनिटांवरून सात तास चोवीस मिनिटांवर गेली, चौतीस मिनिटांनी वाढली. मुलं रात्री होती त्याच सुमारास झोपली, सकाळी उशिरा उठली. दोन शाळांपैकी जिथे गरीब घरची मुलं जास्त होती, तिथे हजेरी सुधारली आणि उशिरा येण्याचं प्रमाण घटलं. पंचावन्न मिनिटं दिली आणि चौतीस मिळाली, म्हणजे सगळी वेळ झोपेत गेली नाही. पण रोज अर्धा तास ही लहान गोष्ट नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने माध्यमिक शाळा साडेआठच्या आत भरवू नयेत असं २०१४ मध्येच म्हटलं होतं, आणि कॅलिफोर्नियात जुलै २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आत भरवायला कायद्यानेच मनाई आहे.

सिएटलमधून आपल्याला घ्यायची खरी गोष्ट मात्र बसची आहे. तिथेही बसगाड्या तेवढ्याच होत्या आणि एकाच गाडीला दोन-तीन फेऱ्या कराव्या लागत होत्या. त्यांनी क्रम उलटा केला. बहुतेक प्राथमिक शाळा आठच्या सुमारास, हायस्कूल पाऊण तास नंतर. गाड्या त्याच, फेऱ्यांची अदलाबदल. आपण नेमकी उलटी अदलाबदल केली.

माझं म्हणणं असं की नऊचा आग्रह सैल करावा आणि त्याच्या बदल्यात दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. बालवाडीपासून बारावीपर्यंत कोणाचीच शाळा आठच्या आत नको. आठवीपासून पुढची साडेआठच्या आत नको. पहिली-दुसरीच्या मुलाला आठच्या शाळेसाठी पावणेसातला उठावं लागतं. ते सव्वानऊला झोपलं तर साडेनऊ तास होतात. हे सोपं नाही. आठ-सव्वाआठला जेवण, साडेआठनंतर टीव्ही बंद आणि घरातले मोठे दिवे मंद, एवढं घराला करावं लागेल, आणि बाप दहाला कामावरून येत असेल तर पोराला त्याची वाट बघत जागं ठेवता येणार नाही. पण हे होऊ शकतं, कारण त्या वयाचं शरीर नऊला झोपायला तयार असतं. पंधराव्या वर्षी सगळं घर अंधारात ठेवलं तरी ते होत नाही. घराच्या हातात जे आहे ते घराकडे द्यावं, आणि जे शरीराच्या घड्याळाने बांधलेलं आहे तिथे शाळेने सरकावं. मूळ निर्णयात मनोरंजनाची साधनं आणि शहरातला रात्रीचा आवाज यांमुळे मुलं उशिरा झोपतात, असं कारण दिलं होतं. कारण खरं आहे, पण त्याचं औषध शाळेची वेळ नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. त्याच नियमांत वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्याला आहे आणि राज्य तो उत्साहाने वापरतं.

दोन अधिवेशनांचं गणित बसतं का? शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस व १,००० तास हे किमान प्रमाण आहे. म्हणजे सहावी ते आठवीला दिवसाला साधारण चार तास तेहेतीस मिनिटं. पहिलं अधिवेशन आठ ते बारा-पन्नास, मध्ये पंधरा मिनिटांची एकच सुट्टी. अध्यापन झालं चार तास पस्तीस मिनिटं. वीस मिनिटांत वर्ग झाडून दुसरं अधिवेशन एक-दहा ते सहा. लहान मुलं पहिल्या अधिवेशनात, मोठी दुसऱ्यात. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून संधिप्रकाशात घरी जाणारी मुलं मोठीच असावीत हेही यात आपोआप साधतं. नववी-दहावीला विषय जास्त, तेव्हा शनिवारचे तास वाढवावे लागतील. अडचण उरते ती शिपाई आणि सफाई कर्मचाऱ्यांची. एका माणसाला साडेसात ते साडेसहा राबवता येणार नाही, अर्ध्या दिवसाचा दुसरा माणूस लागेल. हा खर्च खरा आहे आणि तो अनुदानात दिसला पाहिजे. संस्थाचालकांची तक्रार इथे योग्य आहे.

या आखणीत फसण्याची जागा एकच, पण मोठी. मोठ्यांची शाळा दुपारची झाली की क्लासवाले सकाळची वेळ धरतील. सातची शाळा गेली आणि साडेसहाचा फिजिक्सचा क्लास आला तर कागदावर सुधारणा आणि पलंगावर तीच पहाट. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवणी नको आणि वेळ फार सकाळची किंवा फार रात्रीची नको, असं त्यांत आहे. ‘फार सकाळ’ म्हणजे किती, हे राज्याने आकड्यात लिहायला हवं. सकाळी आठच्या आत नाही, रात्री आठनंतर नाही. रात्रीची बाजूही तितकीच महत्त्वाची. क्लास नऊला सुटला की जेवण साडेनऊला, आणि पोट भरल्यावर लगेच गृहपाठ. सगळी रात्र तिथून घसरते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्याला या नियमातून वगळलंच पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये तिथे दुपारी पत्र्याच्या वर्गात मुलं बसवणं हा अघोरीपणा आहे, आणि सकाळची शाळा हाच मार्ग. एप्रिलच्या मध्याला नागपुरात सहाच्या आतच सूर्य उगवतो, त्यामुळे अंधाराची अडचण नसते. तेवढ्या आठवड्यांसाठी गृहपाठ निम्मा करावा. शाळा लवकर सुटते म्हणून तो दुप्पट देण्याची काही ठिकाणची रीत अजब आहे.

शासनाचा निर्णय येईल तेव्हा येईल. घरापुरतं काय करता येतं, तेही नेमकं सांगता येतं. उठण्याची वेळ आधी पक्की करायची, झोपण्याची नंतर आपसूक सरकते. सरकवायचं ते दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी, म्हणजे दीड तास अलीकडे यायला दोन ते अडीच आठवडे लागतात. म्हणून उन्हाळी सुट्टी संपण्याच्या आदल्या रात्री लवकर झोपवण्याचा कार्यक्रम दर वर्षी फसतो. उठल्यावर वीस-तीस मिनिटं उघड्यावरचा उजेड हवा. खिडकीच्या आत बसून तो पुरेसा मिळत नाही. शाळेतून आल्यावरची डुलकी चारच्या आत आणि वीस ते तीस मिनिटांची. पाच ते सात झोपलेल्या मुलाचा साठलेला दाब उतरून जातो आणि मग रात्री एकपर्यंत तो टक्क जागा असतो. चहा चारनंतर नाही, कारण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच तासांनीही अंगात असतं. कोल्डकॉफी आणि एनर्जी ड्रिंकही त्यात आलं. कोमट पाण्याने अंघोळ झोपेच्या तास-दीड तास आधी केली तर बरं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीर आतून थंड व्हायला लागतं आणि डोळा लवकर लागतो. रविवारी तासभर उशिरा उठू द्यावं, तीन-चार तास नाही. फार थकला असेल तर रविवारी दुपारी अर्धा तास झोपू द्यावं.

एवढं सगळं नेटाने केलं तर नववीतला तो मुलगा साडेअकराऐवजी पावणेअकराला झोपेल. पाऊण तास मिळाला. झोप झाली सहा तास पस्तीस मिनिटं. आठला अजून एक तास पंचवीस मिनिटं कमीच, आणि ती त्याच्या आईच्या शिस्तीतून येणार नाहीत. ‘घरून शिस्त लावा’ असं पालकसभेत सांगणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा फळ्यावर करून दाखवावी. ज्या घरात एका खोलीत पाच माणसं झोपतात आणि एकाची रात्रपाळी असते, तिथे पाऊण तासही निघत नाही. शाळेच्या वेळेचा प्रश्न त्या घरांसाठी जास्त मोलाचा आहे. स्वतंत्र खोली, जाड पडदे आणि गाडीने सोडणारे वडील असलेला मुलगा व्हॅनच्या मुलापेक्षा आताही अर्धा तास जास्त झोपतो.

एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ईडीच्या रात्रीच्या जबाबनोंदणीवर ताशेरे ओढताना झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचं म्हटलं. त्याआधी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या रामलीला मैदानावर झोपलेल्या आंदोलकांवरच्या पोलिसी कारवाईच्या प्रकरणात झोपेला जगण्याच्या हक्काशी जोडलं होतं. आरोपीची आणि आंदोलकाची झोप न्यायालयापर्यंत पोचली, विद्यार्थ्याची मुख्याध्यापकांच्या केबिनपर्यंतही पोचत नाही.

पुढच्या वर्षीच्या वेळा ठरतात ते बसचे आणि व्हॅनचे करार होतात तेव्हा, मार्च-एप्रिलमध्ये. जूनच्या पहिल्या पालकसभेत विषय काढला तर उत्तर ठरलेलं, आता वर्ष सुरू झालं. म्हणून पालक-शिक्षक संघाने तो जानेवारीत लेखी द्यावा. पहिली घंटा, फाटक बंद होण्याची वेळ, सर्वांत लांबच्या मुलाची व्हॅन किती वाजता निघते आणि दहावीचे जादा तास केव्हा असतात, हे चार आकडे मागावेत. व्हॅनच्या वेळेतच बऱ्याचदा वीस-पंचवीस मिनिटं सापडतात, कारण पहिल्या थांब्यावरची मुलं अख्खं उपनगर फिरून शाळेत पोचतात, आणि मार्ग दोन केले की ती वाचतात. जादा तासांचं तर अगदीच सोपं आहे. सातच्या शाळेआधी साडेसहाला किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला भरणारे दहावीचे तास शाळा सुटल्यावर घ्यायला ना शासन निर्णय लागतो, ना जादा बस, ना दुसरं अधिवेशन. मुख्याध्यापकांची एक सही लागते.